सुईखाली अर्धी बाही

गल्लीत तिला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे तिला उद्याबाई म्हणत. पडदे न्यायला आलात? उद्या या. पँटची चेन बदलायला टाकलीत? उद्या नक्की. समोरचा घड्याळवाला म्हणायचा, या दुकानात घड्याळ कशाला, कॅलेंडर लावा. हात तिचा चांगला होता, त्याबद्दल वाद नव्हता. तिनं बसवलेली कॉलर वर्षानुवर्षं मानेशी भांडत नसे. पण तो हात कामाला लागायचाच उशिरा. सकाळी दुकान उघडलं की ती आधी झाडू मारी, मग बटणांचे डबे सारखे करी, मग आज कशाला हात घालावा याचा विचार करी. विचाराला चहा लागे, चहाला घड्याळवाला लागे, आणि पहिली टीप पडेपर्यंत दारातलं ऊन निघून

*

गेलेलं असे.

उपाय केले नाहीत असं नाही. पहाटे उठून पाहिलं, तर मशीनवरच डुलकी लागली आणि बाही उलटी बसली. भिंतीवर वेळापत्रक लावलं, पण ते रंगवण्यातच एक सकाळ गेली. चहा सोडला, तर डोकं दुखलं आणि घड्याळवाला रुसला. तिचा प्रत्येक निश्चय सोमवारी जन्माला येई आणि बुधवारी आटपे.

अशाच एका बुधवारी बँडमास्तर आले. बँडचे लाल कोट आप्पांच्या काळापासून याच दुकानात शिवले जात. आप्पा म्हणजे तिचे वडील. दुकान त्यांचं, मशीन त्यांचं. नजर मंदावल्यापासून मात्र ते दुकानामागच्या खोलीत रेडिओजवळ बसून असत, दाढीसुद्धा आठवण केली तर करत. मागच्या खेपेला कोट वेळेवर झाले नव्हते आणि बँड साध्या शर्टांत वाजला होता. मास्तर ते विसरले नव्हते. खुर्चीवर न बसताच ते म्हणाले, "उद्याबाई, नव्या पुलाच्या उद्घाटनाला आम्ही सगळ्यांत पुढे आहोत. आदल्या सकाळी कोट मिळाले तर ठीक. नाहीतर आपला संबंध संपला."

ते गेले आणि दादा आला. दादा तिचा मोठा भाऊ, त्याचं पलीकडच्या रस्त्याला टायरचं दुकान. त्यानं सगळं ऐकलं होतंच. बँड गेला तर नुसत्या पडद्यांवर हे दुकान उभं राहणार नाही, मग इथे माझे टायर ठेवू, तू काउंटर सांभाळ, तुला काही कमी पडू देणार नाही, असं तो म्हणाला. तो हे मायेनं म्हणाला, म्हणून तिला उलटून बोलताही आलं नाही. टायरची चळत कुठे लागेल तेही त्यानं दाखवलं. बरोबर मशीनच्या जागी. मागच्या खोलीत आप्पांनी सगळं ऐकलं. त्यांनी रेडिओ

*

बंद केला.

मग एका संध्याकाळी वीज गेली. ढोलवाल्याच्या कोटाची बाही चालू होती. ढोलवाल्याचं माप दर वेळी नव्यानं घ्यावं लागे, कारण ढोल तेवढाच राही आणि पोट वाढे. शिवण कोपराच्या वळणापर्यंत आली आणि मशीनची मोटर थांबली. तिनं थोडी वाट पाहिली, सुई तशीच कापडात राहू दिली आणि ती वर निजायच्या खोलीत निघून गेली.

सकाळी हातात झाडू घेऊन ती दुकानात आली तर बाही सुईखाली लटकत होती, दोन्ही बाजूंना कशीबशी. अर्ध्या वाटेवर सोडून दिलेल्या माणसासारखी. एवढी पुरी करावी आणि मग झाडू मारावा, म्हणून ती बसली. बाही पुरी झाली. मग दुसरी बाही हाताशीच होती. मग त्या दोन्ही बाह्या बिनअंगाच्या बऱ्या दिसेनात. घड्याळवाल्यानं चहाची हाक मारली तेव्हा ती खांद्यापर्यंत पोचली होती. त्यानं रस्ता ओलांडून येऊन विचारलं, की घरात कुणी आजारी आहे का.

तिला उमगायला वेळ लागला नाही. काम तिला कधी जड नव्हतंच. जड होतं ते काम सुरू करणं. आणि चालू असलेलं काम सुरू करावं लागत नाही.

त्या संध्याकाळी वीज होती. तरी कोपराच्या वळणाशी येताच तिनं पाय उचलला. सुई कापडात रुतवून ठेवली आणि दिवा मालवला. जिना चढताना बोटं शिवशिवत होती, दहा टाके घातले असते तर संपलं असतं. पण तिनं ते घातले नाहीत. एवढाच काय तो बदल. पहाटे उठणं नाही, वेळापत्रक नाही, चहाही सुटला नाही. झाडू आपोआप संध्याकाळवर गेला, बटणांचे डबे आहेत तिथे बरे होते. दुकानातल्या दांडीवर एकामागून एक लाल कोट टांगले जाऊ लागले आणि गल्लीतले लोक जाता जाता आत

*

डोकावू लागले.

मग एका सकाळी बाही पुरी झालेली होती.

सुईखाली काही नव्हतं. बाही घडी करून बाजूला ठेवलेली, दोरे कापलेले, मशीनवर झाकण. तिला वाटलं, काल आपणच पुरी केली असेल आणि विसरलो. ती उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं आणि तिनं झाडू घेतला. झाडूनंतर डबे आले, डब्यांनंतर चहा. दुपार कधी झाली ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दांडीवर कोट वाढेनात. पुलाचा दिवस जवळ आला तसा दादा मोजपट्टी घेऊन आला आणि भिंत मोजू लागला. फक्त बघून ठेवतो, म्हणाला. हाही बुधवारी आटपणाराच निश्चय निघाला, असं तिच्या मनात येऊन गेलं.

कोटाला बाही लावायची म्हणून तिनं ती उलटी केली आणि शिवणीच्या टोकाशी तिचं बोट अडलं. तिथे टाका मागेपुढे करून पक्का केला होता, एकदा नाही, तीनदा, गाठीसारखा कडक. ती स्वतः एकदाच मागे येत असे. तीनदा मागे येणारा माणूस या दुकानात एकच होता.

ती मागच्या खोलीत गेली.

"आप्पा, सकाळी मशीनवर तुम्ही बसता?"

"बसतो. मोटर नाही लावत, चाक हातानं फिरवतो. तुझी झोप मोडायला नको." त्यांनी बोटं चोळली. "दिसत नाही म्हणून काय झालं, शिवण बोटांना कळते. तू दमून अर्धं टाकून जातेस. म्हटलं, पोरीला तेवढाच हातभार."

ती रागावूनच आत आली होती. पण आप्पांची दाढी केलेली होती, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली होती. आठवण न करता. म्हणजे त्यांनाही ती बाहीच उठवत होती. मशीनला कुलूप घातलं असतं तर कोट झाले असते, आणि आप्पा पुन्हा रेडिओजवळ बसले असते. गप्प राहिली असती तर आप्पा रोज उठले असते, टायरांच्या चळतीकडे तोंड करून. दोन्ही तिला नको होतं, म्हणून तिनं आहे ते सांगून टाकलं.

"मी दमून नाही टाकत, आप्पा. मुद्दाम ठेवते. ती अर्धी असली की मी सकाळी बसते, नाहीतर बसत नाही."

"सुई कापडात ठेवून शिंपी उठत नसतो," आप्पा म्हणाले. "मी तुला हे शिकवलं नाही."

"नाही शिकवलंत. हे माझं मी शिकले."

आप्पांनी रेडिओ लावला, म्हणजे बोलणं संपलं. संध्याकाळी ती नेहमीसारखी बसली. कोपराचं वळण आलं. मशीनला कुलूप घालावं का, असं तिला एकदा वाटलं. तिनं घातलं नाही. सुई कापडात

*

रुतवली आणि ती वर गेली.

सकाळी ती बाही पुरी होती. टोकाला तीनदा मागे आलेली गाठ.

आणि सुईखाली पुढची बाही होती.

शिवण कोपराच्या वळणापर्यंत आलेली, सुई कापडात. तिनं वाकून पाहिलं. वळणाजवळचे टाके बारीक झाले होते, एकमेकांना चिकटून, दाटीवाटीनं, जसं काही हाताला थांबायचंच नव्हतं आणि कुणीतरी मनगट धरून त्याला थांबवलं होतं. सगळ्या आयुष्यात त्या हातानं कधी सुई कापडात सोडली नव्हती. मागच्या खोलीत रेडिओ जरा जास्तच मोठ्यानं चालू होता. तिनं पदराला हात न पुसता, हातातली किल्लीसुद्धा खाली न ठेवता मशीन सुरू केलं. त्या बारीक टाक्यांच्या पुढे तिचे नेहमीचे टाके सुरू झाले, आणि ती शिवण तिनं तशीच राहू दिली.

त्यानंतर सकाळ कुणाला सुरू करावी लागली नाही. आप्पा तिची पुरी करत आणि तिच्यासाठी अर्धी ठेवत. संध्याकाळी ती त्यांच्यासाठी ठेवी.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी बँडमास्तर आले ते दारातच थांबले. घड्याळवाला भिंग डोळ्यावर तसंच ठेवून बाहेर आला. मास्तरांनी टोमणा तयारच आणला होता.

"मग काय, उद्या येऊ?"

"उद्या तुम्ही पुलावर असणार ना," ती म्हणाली. "आत या. आणि ढोलवाल्याला सांगा, पोट आत घेऊन बटण लाव."

मास्तर आत आले. दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल होती. त्यांनी एक बाही उलटी केली, टोकाची गाठ बोटानं चाचपली आणि मागच्या खोलीकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले, आणि थंडीसाठी बँडला टोप्या लागतील त्याचं बोलू लागले. कोट पोचवायला दादाच टायरचा टेम्पो घेऊन आला. मोजपट्टी त्यानं काउंटरवर तिच्या कात्रीशेजारी ठेवली आणि म्हणाला की ही तुलाच राहू दे, तशीही टायरना भिंत कमीच पडत होती.

संध्याकाळी दुकान रिकामं होतं. दांडी रिकामी, मशीनही रिकामं. तिचं झाडून झालं तेव्हा आप्पा भिंतीला हात लावत बाहेर आले. त्यांच्या हातात त्यांचा जुना कोट होता.

"याचं अस्तर गेलंय," ते म्हणाले. "लावून दे. पुरं नको."

तिनं जुनं अस्तर उसवलं, नवं बेतलं, टाचण्या लावल्या. बगलेपासून खाली टीप घालत आली, आणि खिशाच्या वळणाशी सुई कापडात ठेवून तिनं दिवा