रिकाम्या ओळीतलं नाव

ब्रेसलिन गावच्या कौन्सिलमध्ये खुर्च्या सात आणि बसायला माणसं चार. त्यातले एक म्हातारे डिसेंबरात मुलीकडे कायमचे निघालेले. दुसऱ्यांना ऐकू येत नाही, म्हणून ते प्रत्येक ठरावाला हात वर करतात. सात खुर्च्या त्या काळच्या, जेव्हा कोळशाची खाण जोरात होती, गावात अडीच हजार डोकी होती आणि गावाला स्वतःची शाळा होती. आता डोकी दोनशे चौदा. खाण गेली, शाळा गेली, खुर्च्या मात्र जागच्या जागी. त्या कमी करायच्या तर ठराव हवा, आणि ठरावाला चार माणसं एकाच वेळी जागी हवीत!

अशा गावात निवडणुकीला उभं कोण राहणार? मतपत्रिकेवर नावंच नसतात. खाली एक रिकामी ओळ असते, तिथे ज्याला जे सुचेल ते नाव त्यानं लिहावं. कोणी शेजाऱ्याची खोड मोडायला त्याचं नाव लिहितं, कोणी मेलेल्या नवऱ्याचं. मागल्या खेपेला बोडनारांच्या कुत्र्याला दोन मतं पडली होती. आणि व्हेरोना हुडाक, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, दर खेपेला एकच नाव लिहायची. लेनर्ड हुडाक. तिचा मुलगा.

तो निवडून यावा असं तिच्या मनातही नव्हतं. लेनर्डला गाव सोडून एकतीस वर्षं झाली होती, आणि राहायला तो पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, ॲरिझोनात. गावच्या शाळेतून बाहेर पडलेली शेवटची तुकडी त्याची. सतरा पोरं. त्यानंतर शाळेला कुलूप लागलं आणि पिवळी बस मुलांना चौदा मैलांवरच्या, चार-पाच गावांच्या मिळून एका शाळेत न्यायला लागली. एकदा बसमध्ये चढायची सवय लागली की पोरं उतरतात कशाला परत इथे? त्या सतरांतलं एकही आज गावात नाही. लेनर्ड बापाच्या मातीला आला होता, त्यालाही अकरा वर्षं झाली. फोनवर नेहमीचं ठरलेलं, "पुढच्या वर्षी नक्की, आई." दोन वर्षांतून एकदा त्याचं नाव कुठेतरी आपल्या हातानं लिहावं, एवढीच बिचारीची हौस.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी बायका बंबखान्याच्या हॉलमध्ये पिरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, करत बसल्या होत्या. दर गुरुवारी बसतात, शुक्रवारी विकतात, त्या पैशांवर आगीचा बंब चालतो. व्हेरोना बटाट्याचं सारण भरून कडा चिमटत होती, तेवढ्यात गावची सेक्रेटरी बर्नडीन युरिक हातात लिफाफा घेऊन आत आली.

"व्हेरोना, तुझा पोरगा निवडून आलाय."

"कुठे?"

"कुठे काय विचारतेस! इथे. आपल्या कौन्सिलवर. तीन मतं पडली."

बायकांनी हॉल डोक्यावर घेतला. "चला, एकदाची गावाला अक्कल आली!" डोलोरेस ओरडली. "शपथेला येताना त्याला म्हणावं, तिकडची थोडी उन्हं घेऊन ये!"

व्हेरोनाचे हात पिठातच थांबले. तीन? एक आपलं. मग बाकीची दोन कोणाची?

"हसताय काय, माझ्या डोक्याला ताप झालाय," बर्नडीन म्हणाली. "तो इथे राहत नाही असं घरातल्या कोणीतरी लिहून द्यायला हवं. हा घे कागद, तसं लिही. खाली सही कर."

"राहत नाही कसा? जनगणनेच्या कागदावर मी घरात दोन माणसं लिहिलीत."

बर्नडीन मटकन खुर्चीवर बसली. "अगं बाई! म्हणजे आपल्या दोनशे चौदातला एक ॲरिझोनात आहे?"

"खोली त्याची आहे. पलंग त्याचा आहे. चादर दर महिन्याला बदलते मी. त्यात खोटं काय लिहिलं?"

बर्नडीननं हात टेकले. मग जरा वाकून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "हे बघ, खरं तर वर्षभर इथे राहिलेला माणूस लागतो. पण तो खरोखर सामान घेऊन आला ना, तर मी तोंड उघडणार नाही. डिसेंबरात एक जण जाणार, आम्हाला चौथा माणूस हवाय. सोमवारपर्यंत एक तर सही दे, नाहीतर पोरगा दे."

व्हेरोनानं घरी पोचून कोट काढायच्या आधी फोन लावला. लेनर्ड हसला. बापासारखा, पोट धरून, खोकला लागेपर्यंत हसला.

"एक मत तुझं, ते कळलं," तो म्हणाला. "बाकीचे दोघं कोण?"

"काय माहीत! गुप्त मतदान असतं बाबा."

"आई, या गल्लीत मी सहा वर्षं राहतोय. शेजाऱ्याला माझं नाव माहीत नाही. तिथे खरंच कोणाला मी आठवतो?"

"त्याशिवाय का लिहिलं?"

"शोधून काढ ना. कोणाला आठवत असेन, तर येतो मी. खरंच येतो. नाताळाच्या आधी."

एवढं ऐकल्यावर म्हातारीच्या पायांना चाकं लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅरिटी बाईंच्या दारात हजर. बाईंनी लेनर्डला तीन वर्षं गणित शिकवलं होतं. बाईंनी तिला कॉफी दिली आणि कपाळाला आठ्या घालून बराच विचार केला.

"हुडाक म्हणजे तो डावखुरा? सारखा खिडकीतून बाहेर बघणारा?"

"नाही बाई. तो कोवालचा."

"मग नाही गं आठवत. आणि मी यंदा कोणाचंच नाव लिहिलं नाही. ती ओळ मला दिसलीच नाही."

व्हेरोनानं आणखी सहा दारं वाजवली. कोणाला लेनर्ड आठवला तो बापाच्या मातीला आलेला, काळ्या कोटातला. कोणाला तोही नाही. शनिवारी ती थकून परत आली तेव्हा शेजारचा चेस्टर बोडनार कुंपणापाशी पानं गोळा करत होता. त्यानं झाडणी बाजूला टेकवली.

"व्हेरोना, उगाच वणवण करू नकोस. मी लिहिलं होतं. मी आणि आयरीननं."

"तुम्ही? अहो, तुम्हाला इथे येऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही त्याला पाहिलाय कधी?"

"कधीच नाही." चेस्टर ओशाळला. "दर खेपेला मतं वाचतात, त्यात लेनर्ड हुडाक, एक. कोणाचं ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. तू मत देऊन बाहेर येतेस तेव्हा डोळे पुसत येतेस. आयरीन म्हणाली, गेल्या वेळी कुत्र्याला दिली, यंदा व्हेरोनाला देऊ. बाईचं मत एकटं नको पडायला. निवडून येईल असं कुठे वाटलं होतं!"

रागवावं की गळ्यात पडावं, तिला कळेना. "बरं केलंत," एवढंच ती बोलली आणि घरात गेली.

रात्री ती लेनर्डच्या पलंगावर जाऊन बसली. थाप मारायची तर सोपी होती. गॅरिटी बाई म्हणायचं आणि वर्गातला कोणीतरी म्हणायचं. बस्स, नाताळाला पोरगा दारात! पण मग तो बाईंना भेटायला जाणार. बाई कपाळाला आठ्या घालणार. तो रस्त्यानं हिंडणार आणि कोणी त्याला हाक मारणार नाही. एकदा तसा परत गेला की 'पुढच्या वर्षी' असं म्हणायलाही फोन करणार नाही तो.

रविवारी दुपारी त्याचाच फोन आला. आवाजात घाई होती. "सापडले? कोण होते?"

"चेस्टर आणि आयरीन."

"कोण हे?"

"शेजारी. तू गेल्यावर आलेत. त्यांनी तुला पाहिलेलं नाही. माझी दया आली म्हणून लिहिलं."

"आणि गॅरिटी बाई?"

"त्यांना नाही रे आठवत. कोणालाच धड नाही आठवत." तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. "मला आठवतोस. मला एकटीला. उठल्यापासून झोपेपर्यंत आठवतोस. तेवढ्यासाठी येतोस का, सांग."



"आई, पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षीचं नको. उद्या बर्नडीन कागद मागणार आहे. आत्ताचं सांग."

"नाही, आई," तो म्हणाला. रडत होता की काय, कळलं नाही. "मी नाही येत."

"बरं," ती म्हणाली. "जेवलास का?"

जेवला होता तो. तिनं फोन ठेवला, चष्मा शोधला आणि कागद टेबलावर सपाट केला. लेनर्ड हुडाक हे नाव तिनं नेहमीसारखं, एकेक अक्षर सुटं करून लिहिलं. आजवर ती इथेच थांबायची. पुढे आणखी तीन शब्द लिहायचे होते, ब्रेसलिनमध्ये राहत नाही, आणि ते लिहून होईपर्यंत बाहेर अंधार पडला.