सदतीस जण पहिले आले

बारक्याचे बाबा कानाच्या तपासणीत पहिले आले, तेव्हा घरात सगळ्यात जास्त धक्का आईला बसला. गेली तीन वर्षं ती त्यांच्याशी पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती.

"पहिला!" बाबांनी खिशाला लावलेला हिरवा बिल्ला पुढे केला. "चारशे बारा माणसांत. उत्तम श्रवण. सायरनच्या पहाऱ्यावर घेतलंय मला."

"काल मी तीनदा ओरडले, दूध बघा म्हणून," आई म्हणाली. "दूध उतू गेलं, शेगडी विझली, शेजारीण धावत आली. आणि हे पेपर वाचत होते."

"कितवा काय? सांगितलं ना, पहिला," बाबा म्हणाले.

बारक्या जेवता जेवता थांबला. त्याचं वजन ब्याण्णव किलो होतं, पण घरात त्याला अजून कुणी दुसरं नाव दिलं नव्हतं. नोकरी चार माणसांच्या कंपनीत. तपासणीच्या यंत्रांमधून आकडे घ्यायचे आणि एक्सेलच्या तक्त्यात नीट चौकोनाचौकोनांत भरायचे, एवढंच काम करणारी कोडची एक लायब्ररी ती कंपनी विकायची. ती लिहिली होती बारक्याने. बाबांच्या कारखान्याची कानतपासणीसुद्धा तिच्यातूनच तक्त्यात उतरली होती.

"एकटे तुम्हीच पहिले आलात?" त्याने बाबांसमोर तोंड धरून विचारलं. समोरून बोललं की बाबांना ओठांवरून कळायचं.

"नाही. सदतीस जण."

"सदतीस जण पहिले?"

"आमच्या खात्यात हुशारी फार," बाबा म्हणाले.

सदतीस हा आकडा बारक्याने आधी पाहिला होता.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी कारखान्याचा तक्ता अर्ध्यात अडकला. यंत्राकडून काही ठिकाणी आकड्याऐवजी 'ही संख्या नाही' असा निरोप येत होता, आणि असला निरोप मिळाला की बारक्याची लायब्ररी इमानी कुत्र्यासारखी दारातच बसकण मारायची. अशी सदतीस ठिकाणं होती. बारक्याच्या मालकांना कंपनीत बघूसाहेब म्हणायचे, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं तेवढंच उत्तर असे. त्या दिवशी मात्र त्यांनी बघितलं नाही, थेट सांगितलं.

"सदतीस चौकोनांसाठी चारशे माणसांचं घोडं अडवतोस? रिकामे सोड ते."

बारक्याने रिकामे सोडले. कारखान्यातल्या संगणकाने रिकामा चौकोन म्हणजे गैरहजर असं धरलं आणि तपासणीला दिवसभर रांगेत उभ्या राहिलेल्या सदतीस माणसांना 'तपासणीस न आल्याबद्दल खुलासा करावा' अशा नोटिसा गेल्या.

"मग तिथं चूक असल्याची खूण टाकतो," बारक्या म्हणाला. "लाल अक्षरात. म्हणजे कुणीतरी बघेल."

"एका चौकोनात चूक आली की खालची बेरीज चूक, सरासरी चूक. गिऱ्हाईक मला फाडून खाईल. शून्य टाक रे. शून्याने आजवर कुणाचं वाकडं केलंय?"

बारक्याने शून्य टाकलं. एका ओळीचं काम. ती लिहून झाल्यावर त्याने चहासुद्धा प्यायला, तोही निवांत.

आता तो ताटावरून उठला आणि तपासणी करणाऱ्या बाईंना फोन लावला.

"बाई, तुमच्या तक्त्यात शून्य म्हणजे काय हो?"

"अगदी बारीकातला बारीक आवाजही ऐकू आला. आवाज जितका चढवावा लागेल तितका आकडा मोठा. शून्य म्हणजे मांजराचे कान."

"आणि कितीही चढवला तरी ऐकूच आलं नाही तर?"

"मग आकडा कुठून येणार? यंत्र सांगतं, संख्या नाही. का?"

"काही नाही, सहज," बारक्या म्हणाला आणि हात धुवायला गेला.

कारखान्यात पत्रा कापायची यंत्रं होती, आणि छताखालून क्रेनवर पत्र्याची भेंडोळी सरकायची. एकेक आठ टनांचं. साखळी जरा जरी घसरली की वरचा माणूस सायरन दाबायचा. खालच्या सगळ्यांच्या कानांवर गोंगाट अडवायच्या टोप्या, म्हणून पहाऱ्याची माणसं वेगळी. त्यांच्या कानांवर टोपी नाही. त्यांनी सायरन ऐकायचा आणि बाकीच्यांना ढकलत बाहेर काढायचं. त्या कामाला कारखान्यातले सगळ्यात चांगले कान हवेत, म्हणून कारखान्याने तक्ता बघून सदतीस ठार बहिरे निवडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्याने हे बघूसाहेबांना सांगितलं. बघूसाहेबांनी कानांवर हात ठेवले, अक्षरशः.

"शून्य टाक असं मी म्हणालो होतो? लेखी आहे का काही?"

"लेखी नाही. पण साहेब, त्यात माझे बाबा आहेत."

"सहामाही तपासणी आहे ना पुढे? तेव्हा बघू."

"तोवर भेंडोळं पडलं तर?"

"बारक्या, तू फार वाईट विचार करतोस," बघूसाहेब म्हणाले आणि दुःखी चेहऱ्याने वडा खाल्ल्यासारखं पेन चावू लागले.

बारक्या जागेवर गेला. शून्याची ओळ काढली, चूक असल्याची खूण टाकणारी ओळ घातली, तक्ता नव्याने काढला आणि 'दुरुस्त प्रत, कृपया तातडीने पाहावी' असं लिहून कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला पाठवला. बाबांची ओळ दोनशे अकरावी होती. तिथे आता लाल अक्षरं दिसत होती.

वीस मिनिटांत फोन आला.

"अहो, काय पाठवलंत हे?" सुरक्षा अधिकारी ओरडत होते. "अख्ख्या कारखान्याची सरासरी गेली!"

"सरासरी नाही गेली साहेब. कान गेलेत. सदतीस जणांना काहीच ऐकू येत नाही."

"काहीतरीच. काल पहारा बसल्याबसल्या मी स्वतः सायरनची चाचणी घेतली. न सांगता वाजवला. माणसं इतकी थंड डोक्याची, एकजणही दचकला नाही. मी शाबासकीचं पत्र दिलंय त्यांना."

"सदतीसांपैकी एकही नाही?" बारक्याने विचारलं. मग सुरक्षा अधिकारी अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "अरे देवा."

"आजच उतरवा त्यांना पहाऱ्यावरून. आत्ता."

"करतो. पण ही लाल अक्षरं मला वर पाठवता येणार नाहीत हो. वरचे लोक आकडा मागतात."

त्यांनी शब्द पाळला. पहारा दुपारच्या आत बदलला. आणि वरच्यांना आकडा हवा म्हणून त्यांनी लाल ओळी तक्त्यातून काढून टाकल्या. सरासरी परत आली. तोच तक्ता फाटकावरच्या यंत्राला जोडलेला होता, हे मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला बाबा घरी आले. हातातला डबा तसाच भरलेला होता.

"फाटक उघडलं नाही," ते आईला म्हणाले. "यादीत नावच नाही, असं पडद्यावर लिहून आलं. एकतीस वर्षं उघडत होतं. आम्ही सदतीस जण बाहेर उभे. फाटकवाला जाळीआडून काय बोलत होता ते एकालाही कळेना, शेवटी त्याने हाताने जा जा केलं."

आईने बारक्याला फोन केला आणि तो कंपनीतून तसाच उठून आला. बाबा खिडकीशी बसले होते. बिल्ला काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवला होता.

"तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांशी बोललोय मी," बारक्या त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसला. "कोठारात घेतील म्हणाले सगळ्यांना. पुढच्या महिन्यात. बघू म्हणाले."

बाबांनी त्याच्या ओठांकडे बघून मान हलवली. मग म्हणाले, "तुला एक सांगू? त्या काचेच्या खोलीत मला एकदासुद्धा काही ऐकू आलं नाही. बटण हातात देतात, आवाज आला की दाबायचं. बघायला समोर कुणाचं तोंड नाही. मी एकदाही दाबलं नाही. म्हटलं, संपलं, आता घरी पाठवणार. तर पहिला आलो."

"मग तुम्ही गप्प का बसलात?"

"मला वाटलं, कुणालातरी दया आली." बाबांनी बिल्ला उलटा केला, परत सुलटा केला. "वाटलं, तिथं बसलेल्या कुणीतरी बघितलं असेल, एवढी वर्षं राबलेला माणूस आहे, जाऊ दे. तुमचं काम असतं ना ते आकड्यांचं? तू टाकलंस का ते? माझ्यासाठी?"

बारक्याकडे खरं उत्तर होतं. दोनशे अकरावी ओळ कुणाची आहे हे बघायचे कष्टही त्याने घेतले नव्हते. तक्ता पुढे जाईना, म्हणून त्याने ती जागा भरली होती. त्याने तोंड उघडलं. बाबा त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होते.

"हो," तो म्हणाला.

बाबांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी विचारलं, "मग काढलंस कशाला?"

"बाबा, सायरन वाजला असता तर?"

"परवा वाजला होता म्हणे," बाबा म्हणाले. "कसा वाजतो रे तो? मी असताना नवा बसवलाय, पण ऐकायचा राहिला."

स्वयंपाकघरातून आईने डबा खाऊन घ्या म्हणून हाक मारली. एकदाच, साध्या आवाजात. मग तिच्याही लक्षात आलं, आणि ती बाहेर येऊन डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवून गेली.