गच्चीवरची वाकडी छत्री

मी एक जुनी छत्री आहे. पावसात धरतात ती नव्हे. ती कुठेतरी विसरली जाते आणि सुटते. मी गच्चीवरची, टीव्हीसाठी आकाशाकडे तोंड करून बसलेली लोखंडी ताटली. मित्रांनो, तुम्ही मला रोज पाहता, पण माझ्याकडे लक्ष देत नाही. काही हरकत नाही. माझंही तुमच्याविषयी फारसं चांगलं मत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. सपाट पत्रा यंत्राखाली सरकला, वरून दणका बसला आणि मी खोलगट होऊन बाहेर पडले. पुढे काही दिवस एका दुकानात पंख्यांच्या शेजारी उभी होते. पंखे दिवसभर स्वतःभोवती फिरत आणि आपण फार मोठं काम करतो असं समजत. या घरात आल्यावर कळलं की माणसांची गतही निराळी नाही.

मला बसवायला एक अबोल माणूस आला होता. माझ्या बुडाशी एक दांडी असते आणि दांडीच्या टोकाला एक डबी. आकाशातून येणारं सगळं मी गोळा करून त्या डबीत टाकते आणि तिथून ते वायरीने खाली टीव्हीत जातं. त्या माणसाने डबी सरळ बसवली नाही. मनगट फिरवून ती चांगली तिरकी केली, कारण ज्या उपग्रहाचं आम्हाला ऐकायचं तो आकाशात अगदी कडेला आहे आणि त्याच्याकडून येणारं सगळं तिरकंच येतं. तो काम करत होता तेव्हा घरातली आई शेवटपर्यंत तिथे उभी होती. तिला लहानपणापासून ऐकू येत नाही. ती माणसांचे हात पाहते.

सुरुवातीला माझं काय ते कौतुक! पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी गच्चीवर आणत. "बघा, केवढी आहे!" पाहुणाही मान डोलावून म्हणे, "केवढी आहे!" यापलीकडे अक्कल दोघांनाही नव्हती. मग नव्याची नवलाई संपली. सूनबाई माझ्या कडेवर पायपुसणी वाळत घालू लागली. कबुतरांनी काय केलं ते मी सांगत नाही, तुम्ही जेवायला बसलेले असाल.

आता या घरातल्या कर्त्या पुरुषाची ओळख करून देते. आईचा हा मुलगा नकाशे आखायच्या कचेरीत कामाला आहे. त्याला वाकडं काही खपत नाही. भिंतीवरचा फोटो केसभर कलला तरी तो जेवण सोडून उठतो. दाराबाहेरच्या चपला रांगेत लावतो, पाहुण्यांच्या सुद्धा, पाहुणे त्यात उभे असताना सुद्धा. आळीत सगळे त्याला सरळभाऊ म्हणतात आणि त्याला वाटतं हे कौतुक आहे.

आईच्या हातांच्या भाषेतले सरळभाऊला जेमतेम चार शब्द येतात: जेवण, औषध, थांब आणि 'ये'. आईने याहून काही सांगायला हात उचलले की तो भिंतीकडे बघत मान हलवतो, "हो हो, बघतो," म्हणतो आणि निघून जातो. तिला ते ऐकूही येत नाही. घरातल्या माणसांना वाटतं गच्चीला कान नसतात. माझं तर अख्खं अंगच कान आहे, आणि त्या 'हो हो'ने माझे कान किटले आहेत.

त्याची धाकटी बहीण मात्र आईच्या हातांवरच वाढली. तिला सगळे ताई म्हणतात. ती आता दूरदेशी असते आणि तिथल्या एका चॅनलवर बातम्या हातांनी सांगते. पडद्याच्या कोपऱ्यात वाटीएवढ्या गोलात ताई दिसायची आणि आई टीव्हीला नाक लावून बसायची. फोनवर दोघींचं बोलणं होतंच. सूनबाईने एकदा खुणांनी विचारलं होतं, मग टीव्हीचा हट्ट कशाला? आईने सांगितलं ते सूनबाईने मोठ्याने म्हणून पाहिलं, म्हणून मलाही कळलं. "फोनवर ती माझी मुलगी असते. मला तिचं काम बघायचंय."

मग बातमी आली, की येत्या रविवारी संध्याकाळी पूर्ण बातमीपत्र हातांच्या भाषेत होणार, आणि ताई कोपऱ्यात नाही तर अख्ख्या पडद्यावर उभी राहणार. आईने त्या आठवड्यात चष्मा इतका पुसला की काच झिजायची राहिली.

सरळभाऊलाही चेव आला. आईला बोटं स्पष्ट दिसावीत म्हणून त्याने नवा बॉक्स आणला आणि नवी डबी आणली. इथवर ठीक. दुकानदार म्हणाला, "बसवायला माणूस पाठवतो." हा म्हणाला, "त्यात काय एवढं? मी नकाशे आखतो." उंटावरच्या शहाण्याला गच्चीवर चढायला कितीसा वेळ लागणार!

वर येऊन त्याने आधी माझी जुनी डबी पाहिली आणि त्याचा चेहरा आंबट झाला. "शी! केवढी वाकडी बसवलीये. इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही?" मग त्याने नवी डबी चढवली, एक डोळा मिटून अगदी ओळंब्यात सरळ केली आणि डबी धरून ठेवणाऱ्या खोबणीचा स्क्रू आवळला. आवळला म्हणजे किती? ती खोबण माझ्याच वयाची, प्लास्टिकची, उन्हाने पापडासारखी झालेली. ती कण्हली. ह्याला कुठलं ऐकू येतंय.

खाली पडद्यावर नुसते चौकोन नाचू लागले. सरळभाऊने वायर बदलली, तरी चौकोन. बॉक्स बंद करून चालू केला, तरी चौकोन. शेवटी तो वर येऊन माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "ही छत्रीच सडलीये. भंगारात टाकली पाहिजे." नाचता येईना, अंगण वाकडं! आणि इथे तर अंगण वाकडं होतं तेव्हा नाच बरा चालला होता.

आई जिन्याच्या दारात आली होती. तिने उजवं मनगट उचललं आणि हळूच फिरवलं. त्या अबोल माणसाने फिरवलं होतं तसंच, तेवढंच. मी ओळखलं. सूनबाईलाही काहीतरी कळलं. ती म्हणाली, "अहो, आई काहीतरी सांगतायत. बघा तरी."

"हो हो, बघतो," सरळभाऊ म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून खाली गेला. आईचा हात तसाच वर राहिला. मित्रांनो, मला गंज चढलाय, राग चढायला जागा नाही असं मला वाटायचं. त्या दिवशी चढला.

रविवारची संध्याकाळ आली. बातमीपत्राची वेळ झाली. चौकोनांच्या मागे एक हात दिसे आणि विरघळे. सरळभाऊ टीव्हीला थापट्या मारत होता. आई उठली. दुखरे गुडघे धरत, कठड्याच्या आधाराने स्वतःला ओढत ती जिना चढून वर आली. तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिने डबी मुठीत धरली आणि मनगट फिरवलं.

कट्ट! खोबण तुटली. पण डबी तिच्या मुठीत होती, आणि तिरकी होती.

खालून सूनबाई ओरडली, "आलं! आई, आलं! ताई दिसतायत!"

आईला कुठलं ऐकू येणार? ती तशीच डबी धरून, डोळे मिटून उभी. लेक पडद्यावर, आणि आई गच्चीवर खांबासारखी. सरळभाऊ धावत वर आला. "आई, आलं!" तो तिच्या पाठीशी ओरडला. पुन्हा ओरडला. मग त्या नकाशे आखणाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला की समोर जावं लागेल.

तो समोर गेला. पण 'आलं' हे हाताने कसं म्हणतात ते त्याला कुठे येत होतं? त्याने हात उचलले, खाली घेतले. मग खांद्यावरून दोन बोटं खाली ओढली, वेणीसारखी. ताई लहान असताना घरात तिची ती खूण होती. आणि लगेच दुसरी: 'ये'. खेळातून घरी बोलावताना आई त्याला करायची तीच.

आईने डोळे उघडून ते पाहिलं. तिचा चेहरा उजळला. पण तिने मूठ सोडली असती तर डबी खाली लोंबकळली असती. मग सरळभाऊनेच ती डबी हातात घेतली. माझ्या तोंडासमोर आलं तर चित्र जातं, म्हणून त्याला बाजूला वाकून, एक खांदा वर, एक खाली, मान तिरकी करून उभं राहावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस बरोबर उभा होता. आई खाली गेली.

बातमीपत्र संपेपर्यंत तो तसाच होता. बहिणीचा तो दिवस आणि त्याला दिसत होती समोरची पाण्याची टाकी. खाली सूनबाई मध्येच म्हणे, "काय सुंदर!" आणि हा विचारी, "काय? काय झालं?" त्याला कुणी उत्तर देत नसे. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली.

बातम्या संपल्यावर आई परत वर आली. डोळे पुसलेले होते. सूनबाई दोरी शोधायला गेली होती. तोवर डबी सोडायची नाही असं तिने बजावलं होतं. आई त्याच्या तोंडासमोर उभी राहिली आणि तिने हात उचलले. ताईने काय सांगितलं, कशी उभी होती, कुठे अडखळली आणि कशी सावरली, सगळं ती सांगू लागली.

सरळभाऊचे दोन्ही हात अडकलेले होते. 'हो हो' करून जाता येत नव्हतं, भिंतीकडे बघायला गच्चीवर भिंत नव्हती. त्याने शेवटपर्यंत पाहिलं. निम्मं त्याला कळलंही नसेल. सूनबाई दोरी घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "थांब जरा. आई बोलतेय."

मी अजून इथेच आहे. डबी दोरीने बांधलेली, वाकडी, आणि पायपुसणी पुन्हा माझ्या कडेवर. तुमच्याकडून उपकाराची अपेक्षा नाही, मित्रांनो. जुन्या वस्तू टाकायच्या तर टाका. पण मी लोखंडाची ताटली, मला मेंदू नाही, तरी एवढं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे की ज्याचं ऐकायचं त्याच्याकडे आधी तोंड करावं लागतं. तुम्हाला तर मानही दिली आहे. वळवा की.