खिंडीखालची फुली

बाईंना रस्त्यावरची माणसं तोंडावर बाई म्हणायची आणि पाठ वळली की कातर. बाईंना हे ठाऊक होतं आणि मनातून त्याचा रागही नव्हता. उभा जन्म कातर चालवून घर उभं केलं, तर नावही कातरच पडणार. गुलाबाचं फूल म्हणावं अशी अपेक्षा कशाला करायची?

दुकान म्हणजे एकच लांबट खोली. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशीनं, आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले तपकिरी कागदाचे फरमे. सॅकच्या तळाचा, झाकणाचा, खिशाचा, खांद्याच्या पट्ट्याचा. डोंगरात जाणारे लोक लांबून येऊन इथे सॅक शिवून न्यायचे, कारण बाईंचा टाका माणूस दमेल पण उसवायचा नाही, अशी त्याची कीर्ती होती. ही कीर्ती बाई स्वतःच सांगायच्या. दुसरं कुणी नीट सांगेल याचा भरवसा नव्हता.

बाई शाळेत दीड वर्ष गेल्या होत्या. आकडे पक्के होते. अक्षरं एकेकटी भेटली तर ओळख पटायची, पण चार-पाच हात धरून समोर आली की बाई गर्दीत हरवायच्या. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. उच्चारायची टाप कुणाची होती?

अक्षरांवाचून बाईंचं अडलं मात्र काही नाही. त्यांनी खुणांचं आपलं शास्त्र केलं होतं. फरम्यावर गोल म्हणजे बकल. दोन रेघा म्हणजे दुहेरी शिवण. आणि फुली म्हणजे उलट. जाड कापड पालथं अंथरून त्याच्या मागच्या अंगाला खडू मारायचा, तर फरमाही पालथाच घालावा लागतो. म्हणून कागदावर फुली दिसली की डाव्याचं उजवं करायचं आणि उजव्याचं डावं. बावीस वर्षं मशीनवर बसलेला कारागीर ही भाषा झोपेतही बोलायचा. धाकट्या लेकीचे फरमे तेवढे वेगळे. तिच्या कागदांवर आकृती हाताएवढी आणि लिखाण हातभर. बाई म्हणायच्या, ही सॅक शिवते की निबंध लिहिते तेच कळत नाही.

ही धाकटी दर वर्षी डोंगरात जायची. ह्या वर्षी बेत सहा दिवसांचा होता. चार तळी, तीन खिंडी. पाठीवर तंबू, स्टोव्ह, सहा दिवसांचं खाणं. बाईंच्या लेखी हा शुद्ध वेडेपणा होता. घरात नळाला पाणी येतं ते सोडून, पाठीवर बिऱ्हाड घेऊन पाणी बघायला जायचं, आणि तेही इतकं गार की हात बुडवला तर बोटं आपली वाटत नाहीत. असं त्या येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायच्या. पण धाकटीची सॅक त्यांनी स्वतः शिवली होती, कारागिराला हात लावू दिला नव्हता. लेक परत आली की ती काय सांगते ते बाई अर्ध्या कानाने ऐकायच्या आणि सॅक मात्र टेबलावर पालथी टाकून पुरती वाचायच्या. तळ घासला आहे म्हणजे खिंड उतरताना बसून घसरली. डाव्या पट्ट्याची शिवण ताणलीय म्हणजे दमल्यावर एका खांद्यावर घेतली. बुडाशी पांढरट रेघ म्हणजे तळ्याच्या काठी ओल्यात ठेवली, कितीदा सांगितलं तरी. बाईंनी त्यातलं एकही तळं पाहिलं नव्हतं, पण सगळी तळी त्यांच्या हाताखालून गेली होती.

ह्या खेपेला बरोबर जाणारी मैत्रीण तापाने पडली आणि धाकटीने एकटीनं जायचं ठरवलं. दोन दिवस घरात कातर चालली. धाकटीही त्याच लोखंडाची, ती बधली नाही. सोमवारी पहाटे तिने फरम्याच्याच तपकिरी कागदावर वाट काढून आणली. खाली एक फोन नंबर.

"शनिवारी दुपारपर्यंत मी खाली उतरते," ती म्हणाली. "रविवारी सकाळपर्यंत माझा फोन नाही आला, तर ह्या नंबरला लाव. डोंगरातल्या बचाव पथकाचा आहे. कागदावर सगळं आहे. इकडे बघ, तुला दाखवते—"

"फरमा मला दाखवतेस?" बाई म्हणाल्या. "लाव खिळ्याला आणि नीघ."

धाकटीच्या ओठांवर आणखी काहीतरी आलं होतं. ते तिने गिळलं. बाईंनी तिला पाठमोरी केली, खांद्याचा पट्टा दोन बोटं आवळला, कमरेचं बकल ओढून पाहिलं आणि पाठीवर एक चापट मारली. निरोप झाला.

मंगळवारी पहिली खिंड झाली असेल, असं बाई कापड अंथरताना म्हणाल्या. बुधवारी तिसरं तळं. गुरुवारी त्या काही बोलल्या नाहीत. शनिवार दुपार आली तशी गेली. मुलगा परगावी नोकरीला होता; संध्याकाळी सुनेने धाकटीला फोन लावून पाहिला, पलीकडे ठरलेला यंत्राचा आवाज. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. रविवारी सकाळची पाळी तिची होती. पथकाला फोन मी लावून जाऊ का, असं तिने दारातून विचारलं. बाई म्हणाल्या, का, माझ्या बोटांना काय झालंय?

आठ वाजता बाईंनी कागद खिळ्यावरून काढला, टेबलावर अंथरला आणि कोपऱ्यांवर खडूचे डबे ठेवून नंबर लावला. पलीकडे पथकाचा प्रमुख होता. आवाजावरून पन्नाशीचा, झोप झालेली नाही असा. त्याने सगळं शांतपणे विचारलं. तंबूचा रंग, सॅकचा रंग, खाणं किती दिवसांचं. ह्यातलं एकेक बाईंना तोंडपाठ होतं. सॅकच्या झाकणाला आत पिवळा खिसा आहे, तो उलटा करून हलवला तर लांबून दिसतो, हेही त्यांनी सांगितलं. माणूस म्हणाला, वा, असं सांगणारे फार थोडे भेटतात. बाई खुर्चीत थोड्या ताठ झाल्या.

मग त्याने खरा प्रश्न विचारला. दुसऱ्या तळ्यापुढे वाट फुटते. डावीकडे उंच खिंड आणि तिच्याखाली, अलीकडेच, तिसरं तळं, उजवीकडे बुटकी खिंड आणि पलीकडे लांबच लांब उतार. तिथल्या चौकीवर त्याच्याकडे पाच माणसं होती आणि दुपारनंतर ढग उतरणार होते. एकच बाजू करता येणार होती.

"कुठली बाजू, बाई?"

बाईंनी कागदावर बोट ठेवलं. एक तळं, खिंड, दुसरं तळं. रेघ डावीकडे वळली होती. आणि खिंडीखाली, तळ्याच्या काठाला, ठसठशीत फुली.

बाईंचा जीव भांड्यात पडला. शेवटी लेक कुणाची? कागद फरम्याचा, खूण घरची. पालथा घाल म्हणतेय.

"उजवी," बाई म्हणाल्या.

एकटी माणसं उजवीकडे फारशी जात नाहीत, तो म्हणाला. काही लिहिलंय का तिनं?

फुलीखाली लिहिलेलं होतं. तीन ओळी. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पहिलं अक्षर ओळखीचं होतं, दुसरं असावं, आणि पुढे सगळी मिळून गर्दी. सून असती तर. पण सुनेला त्यांनीच वाटेला लावलं होतं.

"लिहिलंय की," बाई म्हणाल्या. "तेच वाचून सांगतेय."

तुकडी नऊला निघाली.

कारागीर दुपारी एकला आला. रविवार असूनही आला, कारण घरी त्याला बसवेना. धाकटीला त्याने मशीनचं पहिलं चाक फिरवायला शिकवलं होतं. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, जरा चढवूनच सांगितलं. पथकाच्या प्रमुखाला नसतं कळलं, मी होते म्हणून कळलं, फुली होती. कारागिराने चष्मा चढवला आणि कागदावर वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"बाई," तो म्हणाला, "धाकटी फुली कधी मारते? ती शब्द लिहिते."

तो भिंतीपाशी गेला. धाकटीचे फरमे एकेक करून उलटत गेला आणि प्रत्येकावर एका कोपऱ्यात बोट ठेवत गेला. उलट. उलट. उलट. हा शब्द बाईंनी सात वर्षं रोज पाहिला होता आणि त्याला निबंधाचा भाग समजल्या होत्या. फुली ही बाईंची होती. ज्याला लिहिता येत नाही त्याची. बाकी साऱ्या जगात फुली म्हणजे इथे, ह्या जागी, एवढंच.

फोनवरचं बाईंचं बोट दोनदा चुकलं. पथकाचा प्रमुख बाहेर होता, दुसऱ्या कुणीतरी उचललं. तुकडी बुटकी खिंड चढून पलीकडे उतरली होती. मध्ये डोंगर आला की वायरलेस लागत नाही. ती माणसं पुन्हा माथ्यावर येईपर्यंत त्यांना काही कळवता येणार नाही, तो पोरगेला आवाज समजुतीने म्हणाला. मग पळत जाऊन सांगा, बाई म्हणाल्या. तो म्हणाला, बाई, ते चार तासांचं पळणं आहे.

आजवर बाईंच्या जिभेने किती जणांना कामाला लावलं होतं. वीजवाला, नळवाला, कापडाचा दलाल. त्या जिभेला डोंगर ऐकू येत नव्हता. त्यांनी कात्री उचलली आणि ठेवली. धार काढून ठेवलेलीच होती. चिंध्यांची टोपली सारखी केली. कारागिराने विचारलं, सुनेला बोलावू का? बाईंनी होकारार्थी मान हलवली.

सून पाऊण तासात धावत आली, अंगावर काउंटरचा पांढरा कोट तसाच. तिने कागद हातात घेतला. वाचू का, असं तिने विचारलं, आणि बाईंच्या लक्षात आलं की ती लग्न होऊन आल्यापासून, बिल असो की पत्र, नेहमी असंच विचारत आली होती. जणू बाई स्वतःही वाचू शकल्या असत्या.

"वाच."

"तिसरं तळं, बुधवारी मुक्काम," सुनेने वाचलं. "पुढची खिंड जमली नाही किंवा काही झालं तर कुठेही न जाता ह्या फुलीपाशी थांबेन." ती थबकली. खाली, नंबरच्या बाजूला, बारीक अक्षरांत एक ओळ होती.

"तेही वाच."

"आई, फोन लावायच्या आधी हे वहिनीकडून वाचून घे."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. धाकटीने दारात जे गिळलं होतं ते हे. तोंडाने सांगितलं असतं तर आईचा मान गेला असता, म्हणून तिने लिहून ठेवलं. आणि लिहिलेलंच ते, बाईंना कसं कळणार होतं?

साडेतीनला तुकडी माथ्यावर आली. तोवर ढग खाली आले होते. प्रमुखाने स्वतः फोन केला. दोन हातांवरचं दिसत नाही, तो म्हणाला, माणसं खाली आणतोय, उद्या उजाडलं की डावीकडे जाऊ. आजच जा, बाई म्हणाल्या. मग बाईंनी एक गोष्ट केली जी त्यांनी कुणापुढे केली नव्हती. त्यांनी हात जोडते म्हटलं. तो म्हणाला, बाई, मलाही पोरी आहेत, पण ह्या पाचांनाही घरं आहेत.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. खिडकीबाहेर गारठा होता आणि इथे एवढा तर तिथे किती, हा हिशेब बाईंना कुणी शिकवावा लागला नाही.

सोमवारी कारागीर आला, मशीनवर बसला आणि काहीतरी शिवत राहिला. सून टेबलापाशी उभी होती. बाई फोनजवळ. मशीनची टकटक थांबू नये असं त्यांना वाटत होतं. का ते त्यांना सांगता आलं नसतं.

बाराच्या सुमाराला फोन वाजला. डोंगराच्या अलीकडून लागलेला वायरलेस चौकीने फोनला जोडून दिला होता; वारा होता, आवाज तुटत होता. सापडली, प्रमुख म्हणाला. फुलीच्याच जागी, तंबूत. जिवंत आहे. गुरुवारी खिंडीच्या दगडांत घसरून घोटा मोडला होता. बसत-रांगत मागे तळ्यापाशी आली. तो पिवळा खिसा तिने झाकणासकट तंबूच्या टोकाला बांधला होता, त्यामुळे लांबूनच दिसली. पाय मात्र बरा नाही, तो म्हणाला. बोटं काळी पडलीत. डॉक्टर बघतील, पण दोन-तीन बोटं वाचतील असं दिसत नाही. हे कालच्या रात्रीत झालं. काल दुपारपर्यंत बोटं हलत होती, असं ती सांगते.

बाईंनी टेबलाची कड धरली. "बोलतेय?"

"बोलतेय. शुद्धीत आहे." मग वाऱ्याचा लोट, आणि पुन्हा त्याचा आवाज, जरा जवळून. "बाई, ती सारखं एकच विचारतेय. कागदावर नीट लिहून ठेवलं होतं, मग काल कुणी आलं का नाही. आमच्या माणसांवर चिडलीये. काय सांगू तिला?"

त्याला कारण माहीत होतं. कालच सुनेने त्याला सगळं सांगितलं होतं. तरी तो विचारत होता, आणि बाईंना कळलं की तो त्यांना वाट काढून देतोय. ढग होते म्हणा, वाट चुकली म्हणा. पथकाच्या अंगावर ढकला, ते झेलतील. सुनेनेही मान खाली घातली होती, ऐकू येत नसल्यासारखी.

बाईंनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. उलट. उलट. उलट. आता तो शब्द ओळखता येत होता. पहिला उ, मग ल, मग ट. तीनच अक्षरं.

"तिला सांगा," बाई म्हणाल्या, "तुझ्या आईला वाचता येत नाही."

पलीकडून तो काहीतरी बोलला. वाऱ्याने ते नेलं. मग लाइनच गेली.

मागे मशीन थांबलं होतं. कारागिराने ऐकलं होतं, आणि दारात सॅक घेऊन उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकानेही. बाईंनी कुणाला कामाला लावलं नाही. फोन हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, तो पुन्हा वाजेल म्हणून.