बासष्टावं पान

कॉफी टेबल बुक म्हणे! वडवणीच्या माळावर कॉफी कोण पितं, अन् टेबल कुणाच्या घरी आहे? पण मेंढपाळांच्या संस्थेला पन्नास वर्षं झाली आणि अध्यक्ष बबनरावांनी मनावर घेतलं की तसलं जाडजूड, गुळगुळीत पुस्तक काढायचंच. काम आलं बीडला असली पुस्तकं करून देणाऱ्या योगिताकडं.

योगिता कामाला वाघ, पण असल्या पुस्तकानं तिचं तोंड एकदा पोळलं होतं. दोन वर्षांमागं तिनं परळीच्या एका व्यापारी मंडळाचं पुस्तक केलं होतं. काय तो कागद, काय ती छपाई! नुसते सत्काराचेच चाळीस फोटो. पुढं एकदा ती तिथल्याच एका दुकानात गेली, तर पुस्तक वजनकाट्याखाली, काटा डुगडुगू नये म्हणून सारलेलं. वरचं प्लास्टिकसुद्धा कुणी फाडलं नव्हतं. बिचारीला रडूच आलं. आता तिचा एकच हट्ट होता. हे पुस्तक लोकांनी उघडलं पाहिजे.

संस्थेच्या जुन्या पेटीत तिला एक काळापांढरा फोटो सापडला. माळावरून चाललेला कळप, सगळ्यांच्या पुढं एक बाई, पाठमोरी, काखेत कोकरू. एक मेंढा तेवढा मान वळवून फोटोवाल्याकडं बघतोय. मागं नुसतं ‘नांदूरघाट, १९८४’ लिहिलेलं. योगितानं त्याला बासष्टावं पान अख्खं देऊन टाकलं. बबनरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ना तोंड, ना नाव, असल्या फोटोला अख्खं पान? त्यापेक्षा सभागृहाचं उद्घाटन घ्या, म्हणाले. योगिता काही हटेना. शेवटी ते वैतागून म्हणाले, “सोमवारी छपाई हाय. त्याआधी त्या बाईचं नाव आणा, पान तुमचं.”

योगिता फोटो घेऊन नांदूरघाटच्या बाजारात फिरली. बायांनी हसण्यावारी नेलं, पाठीवरनं कुणी माणूस ओळखतं का म्हणून. उन्हं कलली तरी नावाचा पत्ता नाही. शेवटी दोरखंडाच्या दुकानापाशी तिला आप्पाराव भेटले, सत्तरीचे धनगर, सोबत सून बबिता. म्हाताऱ्यानं बाईकडं बघितलंसुद्धा नाही. नजर गेली ती थेट मेंढरांवर.

“हा चांद्या,” ते म्हणाले. “आमचा मेंढा. त्याचं डावं शिंग डोळ्यात घुसाया लागलतं, म्हून मीच कापलतं.”

मग त्यांचं बोट एकेका मेंढीवरून पुढं सरकत गेलं, प्रत्येकीचं नाव घेत, आणि बाईपाशी येऊन थांबलं. ते तिथून हलेचना. बबिता हळूच योगिताच्या कानाशी लागली. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झालीत, घरात त्यांचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा, अन् तो बघितला की मामंजी म्हणतात, ही कोण बया?

तोंड दिसलं असतं तर बरं झालं असतं, असं योगिता म्हणाली.

“तोंड कशाला?” आप्पाराव म्हणाले. “चाळीस वरसं ती कोकरं घिऊन म्होरं, अन् मी कळपाच्या मागं. जल्मभर मी तिची पाठच बघितली, बाई. ही अंजनाच हाय.”

पान राहिलं. खाली छापलं, ‘अंजना आप्पाराव, आणि मागं वळून बघणारा चांद्या.’ समारंभ झाला, हार झाले, भाषणं तर संपता संपेनात. घरटी एक पुस्तक वाटलं, प्लास्टिकात घालून. मग महिनाभर कुणाचा फोन नाही की निरोप नाही. गेलं हेही काट्याखाली, योगितानं मनाशी धरलं.

आणि एका दुपारी आप्पाराव घोंगडीत पुस्तक गुंडाळून बीडला तिच्या दारात हजर. तक्रार घेऊन आले होते. योगितानं पुस्तक हातात घेतलं. प्लास्टिक केव्हाच गेलं होतं, कोपरे दुमडले होते, पानापानावर अंगठे उठले होते. अख्खी वस्ती त्यात आपापली जनावरं शोधते, अन् हा बोकड तुझा का माझा म्हणून भांडते, असं आप्पारावांनी सांगितलं. बासष्टाव्या पानाची तर चकाकीच बोटांनी पुसून गेली होती. योगिताला इतका आनंद झाला की तक्रार ऐकायचीच राहिली.

ती त्यांनी पुन्हा सांगितली. चांद्याचं नाव छापलं, अन् अंजनाच्या काखेतलं कोकरू तेवढं सोडलं. हे काय बरोबर न्हाई.

योगितानं चूक कबूल केली, पेन काढलं आणि कोकराचं नाव विचारलं. आप्पाराव बराच वेळ आठवत राहिले.

“नाव ठिवलं नव्हतं अजून,” ते म्हणाले. “सकाळीच झालतं. तिच्याबिगर कुणाकडं ऱ्हाईना. तेवढंच लिवा.”

योगितानं छापील ओळीखाली, जमेल तितक्या सुंदर अक्षरात तेवढंच लिहिलं. आप्पारावांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं, शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली, आणि मग पुस्तक घोंगडीत नीट गुंडाळलं.