पल्लवीच्या नावाने

पल्लवीचं दुखणं जन्मापासूनचं. सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, नसांमध्ये अडकायच्या आणि मग हाडांमध्ये अशी कळ उठायची की ओरडून ओरडून तिचा आवाज बसायचा. तिचे वडील दत्तात्रय बुऱ्हाणपुरात पॉवरलूमवाल्यांना सूत पुरवायचे. दुकान अर्ध्यात टाकून तिला उचलून रिक्षात घालणं हे त्यांचं नेहमीचंच झालं होतं. आई कमल शाळेत शिकवायची. वर्गात असतानाही तिचा एक कान फोनकडे असायचा.

पल्लवी बारावीत असताना पुण्याच्या एका हॉस्पिटलात नवा उपचार सुरू झाल्याचं कळलं. रोग्याच्याच मूळ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात दुरुस्ती करायची आणि त्या परत शरीरात सोडायच्या. त्याआधी एक जहाल औषध देऊन हाडांमधली जुनी मज्जा रिकामी करावी लागायची. डॉक्टरांनी हे सगळं आईवडिलांना बाजूच्या खोलीत बसवून समजावलं. पल्लवी तेव्हा वॉर्डात सलाइन लावून पडली होती.

उपचारात तिचे केस गेले, तोंड आतून सोलून निघालं. पण त्यानंतर कळ आली नाही. पुढच्या जानेवारीत ती राजघाटावर तापीच्या पाण्यात पाय सोडून बसली. पूर्वी असं गार पाणी पायाला लागलं की दवाखाना ठरलेला असायचा. कमल पायरीवर उभी राहून रडत होती आणि पल्लवी हसत होती, "मम्मी, बघ ना, काहीच होत नाही!"

पुढे कॉलेज झालं, ती एका कोचिंग क्लासात शिकवायला लागली. खंडव्याच्या निलेशचं स्थळ आलं. पत्रिका जुळली, दोघं फोनवर बोलू लागले. तो तिला हसवायचा. पाळीसाठी तिला अजून गोळ्या घ्याव्या लागत होत्या, पण 'उपचाराचा परिणाम आहे, हळूहळू नीट होईल' असं कमल सांगायची आणि पल्लवीला ते खरं वाटायचं.

त्या वर्षी तपासणीला ती पुण्याला पहिल्यांदाच एकटी गेली. रिपोर्ट चांगले होते. उठता उठता तिने तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर तृप्तींना विचारलं, "मॅडम, माझं लग्न ठरतंय. मला मूल झालं तर त्याला हा आजार होईल का?"

डॉक्टरांनी हातातली फाइल खाली ठेवली. "पल्लवी, त्या औषधाने तुझ्या अंडाशयांचं काम थांबलंय. हे तुला माहीत आहे ना? म्हणून तर आधी तुझी स्त्रीबीजं गोठवून ठेवू म्हटलं होतं. तू नको म्हणालीस."

"मी?"

"तुझ्या आईवडिलांनी तसं सांगितलं. 'आम्ही तिला विचारलं, ती नको म्हणते,' असं."

"मला कुणीच विचारलं नाही. तुम्ही तरी विचारायचं."

"तू सतरा वर्षांची होतीस. संमती त्यांचीच लागत होती," डॉक्टर म्हणाल्या. मग चष्मा काढून हळू आवाजात म्हणाल्या, "तरी विचारायला हवं होतं."

घरी पोचल्यावर पल्लवीने बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. "माझ्या नावाने 'नको' कोण म्हणालं?"

कमलला लगेच समजलं. "कुमारी पोरीला पोटात इंजेक्शनं द्यायची, बीजं काढायची. चार लोकांत काय सांगितलं असतं आम्ही?"

"लोकांचं राहू दे," दत्तात्रय म्हणाले. "त्या इंजेक्शनांनी पुन्हा अटॅक येऊ शकतो, असं डॉक्टरच म्हणाले होते. मी तुझा जीव पाहिला बेटा."

"मग 'आम्हाला नको' म्हणायचं पप्पा. 'ती नको म्हणते' कशाला?"

"डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते. तुझं नाव घेतलं की गप्प बसतील म्हणून." त्यांचा आवाज चढला. "तुला जगवलं हा गुन्हा झाला का आमचा?"

"आणि निलेशला काय सांगणार होता?"

त्यावर कमल म्हणाली, "लग्नानंतर बघू म्हटलं. किती तरी जणींना होत नाही मूल."

पल्लवीने हातातली बॅग खाली टाकली. वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवणारी ही बाई तिच्या लग्नात खोटं बांधून देणार होती.

निलेशला तिने स्वतः सांगितलं. तो म्हणाला, मला काही फरक पडत नाही, टेन्शन घेऊ नको. मग त्याचे फोन कमी झाले, आणि एक दिवस मध्यस्थाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. या घराचं उणं झाकायला तिकडच्यांनी चांगलं कारण दिलं म्हणून कमलला हायसं वाटलं. पल्लवीला ते सहन झालं नाही.

पावसाळ्यानंतर डॉक्टर तृप्तींचा फोन आला. बुऱ्हाणपूरजवळच्या तुकईथड गावातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मोनालीवर तोच उपचार करायचा होता. "घरचे घाबरलेत. तू भेटशील का? आणि तिला सगळं सांग. आईवडिलांना नको, तिला."

पल्लवी बसने गेली. मोनालीचे वडील देवराम केळीच्या मळ्यातून हात धुऊन आले, आई मनकर्णाने चहा ठेवला. पल्लवीने दोघांना ओसरीवर बसायला सांगितलं आणि दार लोटलं.

मोनाली भिंतीला टेकून बसली होती. मांडीखाली उशी, ओठ दाताखाली. पल्लवीने काहीही न लपवता सांगितलं: केस, तोंडातल्या जखमा, पाळी, मूल. स्त्रीबीजं ठेवता येतात, त्यातही धोका आहे, ठरवणं तुझं आहे.

"ताई, तुमचं दुखनं गेलं का?"

"गेलं."

"मंग मले लवकर न्या. लेकराचं नका सांगू मले, मले आज झोप पाहिजे."

"आज उत्तर नको देऊ. जरा बरं वाटलं की मी पुन्हा विचारीन."

"तवाही हेच सांगीन," मोनाली म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

परतीच्या बसमध्ये पल्लवीला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर तिचं लक्ष नव्हतं. सतराव्या वर्षी आपणही हेच म्हणालो असतो, असं तिला वाटलं. नक्कीच म्हणालो असतो, असंही वाटलं. पण त्याने राग कमी झाला नाही, उलट वाढला. कुणी विचारलं असतं तर आपण खरंच काय म्हणालो असतो, ते आता कधीच कळणार नव्हतं.

घरी कमल वाट बघत होती. "काय म्हणाली गं ती पोरगी?"

"उपचाराला हो म्हणाली, बीजं ठेवायला नको," पल्लवीने सांगितलं. "स्वतःच्या तोंडाने."

कमलने वाढलेलं ताट पुढे सरकवलं. पल्लवी ते उचलून आपल्या खोलीत गेली.