गिरिजा साटमची कंट्री

दत्तप्रसाद साटमांचा धंदा गवताचा. दुबईत राहून गवत विकतो म्हटलं की कणकवलीचे नातेवाईक हसायचे. पण त्या वाळवंटात घोडे आणि उंट किती आहेत आणि ते सगळे काय खातात, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. जहाजातून आलेल्या सुक्या गवताच्या गासड्या साटमांचे ट्रक शहराबाहेरच्या तबेल्यांवर पोचवायचे. अल कुसैसच्या फ्लॅटवर परतले की त्यांना दाराबाहेरच शर्ट झटकावा लागे, कारण आत त्यांच्या बायकोचा, विद्युल्लताबाईंचा, गाण्याचा क्लास चालू असे आणि गवताच्या भुशीने विद्यार्थिनींना शिंका येत.

या दोघांची एकुलती एक मुलगी गिरिजा. सकाळी आईबरोबर खर्ज लावायचा आणि सुट्टीच्या दिवशी बाबांच्या पिकअपमध्ये बसून तबेल्यांची फेरी मारायची, असं तिचं लहानपण दोन भागांत वाटलेलं होतं. दोन्ही तिला आवडायचं. फक्त पिकअप जरा जास्त आवडायची.

ती सात वर्षांची असताना एका तबेल्यात तिला तय्यबचाचा भेटले. सरगोध्याकडचे हे उंच, खांदे वाकलेले गृहस्थ घोड्यांना नाल मारायचे. तरुणपणी एका अमेरिकन नालबंदाच्या हाताखाली ते हे काम शिकले होते, आणि कामाबरोबर त्याची गाणीही त्यांनी उचलली होती. घोड्याचा पाय मांडीवर घेऊन ते खूर तासत बसायचे आणि शेजारी त्यांचा फोन गात असायचा: गिटार, व्हायोलिन आणि काहीतरी लांब ओढलेला, रडवेला सूर.

"ये क्या है, चाचा?" गिरिजाने विचारलं.

"कंट्री, बेटा. घोड़ेवालों का गाना."

गिरिजा गासडीवर बसली ती बाबांनी तीनदा हाक मारेपर्यंत उठलीच नाही. परतीच्या वाटेवर तिने त्यातलं अर्धं गाणं न समजलेल्या शब्दांसकट म्हणून दाखवलं. "बाबा, मी कंट्री सिंगर होणार."

बाबांनी गाडी जवळजवळ बाजूला घेतली, इतके ते हसले. "अगं, आमच्याकडे माणसं कंट्री पितात आणि मग गातात! तू आधीच गायला लागलीस?"

"बाबा, इट्स अ काइंड ऑफ म्युझिक!" ती चिडून म्हणाली. देशी दारूला कंट्री म्हणतात हे तिला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि कळलं तेही वाईट रीतीने.

बारा वर्षांची झाल्यावर तिने बाबांना रोल्लाच्या बाजारात नेलं आणि एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून गिटार घ्यायला लावली. विद्युल्लताबाईंना ती पसंत नव्हती. तानपुऱ्याच्या कोपऱ्यात गिटार ठेवायची नाही, असं त्यांनी बजावलं. रियाज चुकवला नाहीस तर काय हवं ते वाजव, म्हणाल्या. गिरिजाने रियाज एक दिवसही चुकवला नाही, आणि उरलेला सगळा वेळ गिटारीला दिला. बोटांना घट्टे पडले. तिने ते तय्यबचाचांना दाखवले तेव्हा त्यांनी आपला तळवा तिच्यापुढे धरला आणि दोघं हसली.

पंधराव्या वर्षी दुबईतल्या मराठी लोकांच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात तिला गायची संधी मिळाली. निवेदकाने जाहीर केलं, "आता कुमारी गिरिजा साटम कंट्री सादर करतील." मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "चखणा कुठाय?" सगळा हॉल फुटला. गिरिजाला विनोद कळला नाही, हसू मात्र कळलं. तिने गाणं सुरू केलं. खेड्यातली आगगाडी, व्हिस्की आणि दूर गेलेला प्रियकर असं ते इंग्रजी गाणं होतं. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज थरथरला, तिसरं तिने म्हटलंच नाही. ती खाली उतरली आणि तडक बाबांच्या पिकअपमध्ये जाऊन बसली. कंट्री म्हणजे देशी दारू, हे बाबांनी तिला तिथे सांगितलं.

पुढचे कित्येक दिवस गिटार पलंगाखाली होती.

शेवटी तय्यबचाचांनीच विषय काढला. ते एका पांढऱ्या घोडीला नाल मारायचा प्रयत्न करत होते. रीम तिचं नाव. तबेल्याचा मालक फहद हा तिशीतला अमिराती तरुण. लांब पल्ल्याच्या शर्यतींचा त्याला भारी षोक. रीम त्याची सगळ्यात वेगवान घोडी आणि सगळ्यात भित्रीही. हातोडी दिसली की ती थरथर कापायची.

"गाना बंद क्यों है?" चाचांनी विचारलं.

गिरिजाने सगळं सांगितलं. चाचांनी हातोडी खाली ठेवली. "एक बात बता. तूने व्हिस्की पी है?"

"नहीं!"

"रेलगाड़ी में बैठी है?"

"मेट्रो में."

"तो वो गाना किसी और का है, बेटा. उसको गाने दे. तेरे अब्बा का ट्रक खड़ा है, ये घोड़ी खड़ी है, डर के मारे मर रही है. इसका गाना बना. अपनी ज़ुबान में."

गिरिजाने रीमच्या मानेवर हात ठेवला. कातडीखाली शीर धडधडत होती. आणि शब्द आले ते मराठीत आले. लहानपणी ताप आल्यावर आई ज्या स्वरात बोलायची त्या स्वरात.

*हळू गं हळू, माझ्या राणी हळू,*
*तुझ्या टापांनी दमली वाळू.*
*वारा मागे राहिला दूर,*
*छातीतला आता उतरू दे पूर.*

रीमने कान वळवले. चाल कंट्रीचीच होती, दुडक्या चालीने जाणारी, मध्येच लांब ओढलेली. तिसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा घोडीने मान खाली घातली आणि चाचांनी पहिला खिळा ठोकला.

घरी आल्यावर गिरिजाने ते गिटारवर बसवलं. स्वयंपाकघरात फोडणी चालली होती ती थांबली. विद्युल्लताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"परत म्हण. 'दूर' परत म्हण."

गिरिजाने म्हटलं.

"अगं, ही तर मींड आहे! इतकी वर्षं हेच ऐकत होतीस?" त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "ते तुझं रडकं वाद्य ऐकव बघू मला."

गिरिजाने फोनवर स्टील गिटारचा व्हिडिओ लावला. तारेवरून लोखंडी कांडी सरकत गेली आणि एका स्वरातून दुसरा सूर उमलला, मध्ये कुठेही न तुटता. विद्युल्लताबाईंनी डोळे मिटले. "बाई गं," त्या एवढंच म्हणाल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "पण तुझा पंचम उतरतोय. उद्या सकाळी लवकर ऊठ."

त्या दिवसापासून मायलेकी एकत्र बसू लागल्या. कंट्रीच्या तीन मात्रांच्या चाली विद्युल्लताबाई दादऱ्याच्या अंगाने मोजून द्यायच्या. गिरिजा शब्द लिहायची आणि आई निर्दयपणे खोडायची. तीन वर्षांत सात-आठ गाणी तयार झाली. ती ऐकायला होते बाबा, चाचा, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका घरगुती मैफलीतली पाचपन्नास माणसं आणि घोडे.

गिरिजा कॉलेजात गेली त्या हिवाळ्यात फहद स्वतः रीमवर बसून मोठ्या शर्यतीत उतरला. वाळवंटातली ही शर्यत टप्प्याटप्प्यांची असते. प्रत्येक टप्प्यानंतर घोडा थांबवायचा, त्याला पाणी मारून थंड करायचं आणि डॉक्टरांपुढे उभा करायचा. ठरलेल्या वेळात छातीचे ठोके मिनिटाला चौसष्टवर उतरले तर पुढे जायला परवानगी, नाहीतर घोडा बाद. गवत पोचवायला गेलेले साटम आणि त्यांची मुलगी त्या दिवशी फहदच्या मदतीला थांबली होती.

शेवटच्या टप्प्याआधी रीम पुढच्या घोड्यांच्या घोळक्यातच आली. तबेल्याच्या पोरांनी तिच्यावर थंड पाण्याच्या बाटल्या ओतल्या. ठोके भराभर उतरत होते. इतक्यात वरून चित्रीकरणाचा ड्रोन घरघरत अगदी खाली आला. रीम मागच्या पायांवर उभीच राहिली. डॉक्टरांनी नळी लावली आणि मान हलवली. ठोके भलतेच वाढले होते. आणखी एकदाच तपासता येणार होतं, आणि वेळ थोडा उरला होता.

"खलास," फहद पुटपुटला. त्याचा चेहरा उतरला होता.

गिरिजा कठड्याखालून आत शिरली. "फहदभाई, लगाम मेरे को दो!"

"यल्ला, जल्दी!"

तिने रीमच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि गायला लागली. गिटार नाही, माइक नाही. आधी अगदी खर्जात, फक्त घोडीला ऐकू जाईल असं. भीतीने रीमच्या डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. गिरिजाने लय आणखी उतरवली. *हळू गं हळू.* आजूबाजूचे लोक बोलायचे थांबले. 'दूर'वर तिने आवाज सोडला आणि तो आईने शिकवला तसा, न तुटता, खाली उतरत गेला. घोडीने कान वळवले. मान खाली आली. फुर्रर्र करून तिने गिरिजाच्या ओढणीवर श्वास सोडला.

डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली. बाबांनी दोन्ही हातांनी कठडा गच्च धरला होता.

डॉक्टरांचा अंगठा वर गेला.

एकच गलका उठला. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी पाण्याच्या बाटल्या उडवल्या. विसावा संपताच फहदने रीमवर उडी मारली आणि ती दोघं धुळीत दिसेनाशी झाली. रीमचा तिसरा नंबर आला. पण संध्याकाळपर्यंत पहिला कोण आला हे विचारणारं कुणी उरलं नव्हतं. कारण कठड्याबाहेरच्या एका प्रेक्षकाने हे सगळं फोनवर टिपलं होतं आणि तो व्हिडिओ वाऱ्यासारखा सुटला होता.

जॉर्डनचे घोडेवाले तो पाहत होते. केरळच्या नर्सेसनी हॉस्टेलमध्ये ते गाणं म्हणून दाखवलं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून एकाने आपल्या घोड्यापुढे गाऊन व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, आमचा बी ऐकतो बरं का!" बाबांचा फोन इतका वाजू लागला की गवताची गिऱ्हाइकं कंटाळून थेट गोदामावर येऊ लागली. गिरिजा पलंगावर उड्या मारत होती आणि आई दारातून ओरडत होती, "घसा सांभाळ! किंचाळू नकोस!"

चौथ्या दिवशी अनुपमा नावाच्या बाईंचा फोन आला. मूळच्या पुण्याच्या, आता दुबईत मोठे जलसे भरवणाऱ्या. अमेरिकेहून एक नावाजलेला कंट्री गायक येणार होता; त्याच्याआधी पंधरा मिनिटं गाशील का, असं त्यांनी विचारलं.

"गाईन!" प्रश्न पूर्ण व्हायच्या आत गिरिजा म्हणाली.

"पण बघ हं, ऑडियन्स मिक्स्ड असणार. दोन गाणी इंग्लिशमध्ये घे, सेफ राहील."

गिरिजाला गणपतीतला हॉल आठवला. "नाही, अनुपमाताई. इंग्लिश गाणं कुणीही गाईल. मराठी मीच गाईन."

"ओके. बिघडलं तर दोघींचं बिघडेल," अनुपमा म्हणाल्या आणि हसल्या.

साथीला फिलिपिनो बँड मिळाला. त्यांचा स्टील गिटारवाला रोमेल आयुष्यभर कंट्री वाजवत आलेला. तालमीत विद्युल्लताबाई त्याच्या शेजारीच खुर्ची टाकून बसल्या. "स्लो... और स्लो. सुर को छोड़ना नहीं," त्या हाताने हवेत मींड काढून दाखवायच्या. रोमेलला हिंदी येत नव्हती, पण हात कळत होता. तिसऱ्या दिवशी त्याने अशी ओढ घेतली की बाई उभ्याच राहिल्या. "वाऽऽ!" त्यानंतर तो त्यांना 'मॅडम मींड' म्हणू लागला.

कार्यक्रमाच्या दिवशी सूर्य मावळता मावळता गिरिजा मंचावर गेली. समोर हजारो माणसं, बरीचशी दुसऱ्या कुणासाठी आलेली. टोप्या, बूट, हातात फोन. पहिल्याच रांगेत पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला फहद, त्याच्याजवळ नवा शर्ट घातलेले तय्यबचाचा, आणि बाबा, जे बसायलाच तयार नव्हते.

पहिल्या गाण्याला लोक ऐकत होते. बाबांच्या पिकअपवरच्या दुसऱ्या गाण्याला पाय हलू लागले. 'हळू गं हळू'चे पहिले सूर रोमेलने छेडले आणि मैदानातून आरोळी उठली. ते शब्द त्यांना येत होते! अरब, मल्याळी, फिलिपिनो, पंजाबी, कुणाचा 'ळ' लागत होता, कुणाचा लागत नव्हता, पण सगळे गात होते. गिरिजा क्षणभर गायची थांबली. मैदान थांबलं नाही.

पंधरा मिनिटं संपली. ती नमस्कार करून वळली तर लोक सोडेनात. "वन मोर!" विंगेतून अनुपमा दोन्ही हात हलवत होत्या: गा, गा! पुढचा पाहुणा स्वतः विंगेत येऊन टाळ्या वाजवत उभा होता.

पण बँडबरोबर बसवलेली गाणी तर तीनच होती.

गिरिजाने विंगेत उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. त्याच आठवड्यात तिने एक मुखडा केला होता, पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावरचा. अंतरा झालाच नव्हता. आईला ते ठाऊक होतं. विद्युल्लताबाईंनी पदर खोचला आणि मान हलवली: घे.

"जी मेजर," गिरिजा रोमेलला म्हणाली. "जस्ट फॉलो मी."

मुखडा दोनदा म्हटला. मग तिने डोळे मिटले, आणि लहानपणापासून आईने रोज पहाटे करून घेतलेली बढत कामाला आली. एक सूर, त्यातून दुसरा, त्यातून शब्द. रस्त्यावरचे दिवे एकेक विझत गेले, ट्रकच्या टपावर उजाडलं, दूर कुठेतरी घोडा खिंकाळला. रोमेल एकेका ओळीमागून धावत होता, ड्रमवाला ढोलकासारखा बोटांनी ठेका धरत होता, आणि अंतरा तिथेच, सगळ्यांदेखत तयार झाला. समेवर ती आली तेव्हा मैदानाने अक्षरशः उडी मारली.

पुढच्या वर्षभरात ती मस्कत, दोहा, पुणे आणि सिंगापूरला गाऊन आली. तिचा पहिला अल्बम निघाला तेव्हा लोकांनी सगळ्यात जास्त ऐकलं ते हेच, मंचावर झालेलं गाणं. त्याआधी स्टुडिओत तिने अंतरा सुधारून गायचा प्रयत्न केला होता, चांगले चार-पाच वेळा. शेवटी विद्युल्लताबाईंनीच काच ठोठावली.

"पुरे. त्या दिवशीचाच ठेव," त्या म्हणाल्या. "त्यात तू रीमसारखी पळते आहेस."